प्रॉम्प्ट उमटेपर्यंत

टर्मिनल उघडलं की थांबावं लागतं. काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकत राहतो, पण प्रॉम्प्ट येत नाही. 'बोला, काय करू' असं संगणक ज्या खुणेने विचारतो, ती खूण म्हणजे प्रॉम्प्ट. ती उमटेपर्यंत एखादा सेकंद जातो, कधी थोडा जास्त. दिवसभर खिडक्या उघडत-मिटत काम करणाऱ्याला हा सेकंद टोचतो, कारण मनातली आज्ञा तयार असते, बोटं कीबोर्डवर असतात आणि समोर ऐकायला कुणी नसतं. जगभरच्या प्रोग्रामरांनी या एका सेकंदाचा माग काढण्यात जवळजवळ दशकभर घालवलं. तो सापडला तेव्हा कळलं की बहुतेकांनी त्याला भलत्याच ठिकाणी शोधलं होतं.

हा शोध मी बपेऱ्यात बसून पाहिला आहे. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेवरचं हे गाव. भोवती धानाच्या बांध्या. इथून काम करताना नेटवर्क आहे हे गृहीत धरून चालत नाही. शहरातल्या माणसाला जे दोष जाणवतही नाहीत, ते इथे पहिल्याच पावसात उघडे पडतात. म्हणूनच या कहाणीची उकल मला इतकी जवळची वाटते.

आधी या कहाणीतली मंडळी सांगतो. आपण टाइप केलेली आज्ञा समजून घेऊन ती संगणकाकडून करवून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. 1990 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या पॉल फॉल्स्टॅड या विद्यार्थ्याने एक नवा शेल लिहिला आणि तिथल्या झोंग शाओ या अध्यापन-साहाय्यकाच्या लॉगिन-नावावरून त्याचं नाव ठेवलं. तोच झी-शेल. तो ताकदीचा होता, पण मनाजोगता करून घ्यायला वेळखाऊ. त्यामुळे बरीच वर्षं तो जाणकारांपुरताच राहिला. 2009 मध्ये रॉबी रसेल याने आपल्या सहकाऱ्यांना सोपं जावं म्हणून स्वतःची मांडणी सर्वांसाठी खुली केली आणि 'ओह माय झी-शेल' जन्माला आला. पुढे त्यात 300हून अधिक प्लगइन जमा झाले. प्लगइन म्हणजे शेलला जोडायचं छोटं अवजार: चुकीची आज्ञा लाल रंगात दाखवणारं, अर्धी आज्ञा लिहिताच जुन्या आठवणीतून उरलेली सुचवणारं, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची चालू शाखा प्रॉम्प्टवर दाखवणारं. 2019 मध्ये अॅपलने मॅकमध्ये झी-शेल हाच मूळ शेल केला आणि आधी कधी टर्मिनल न सजवलेली माणसंही या वाटेला आली.

पण ओह माय झी-शेल म्हणजे एक अखंड गाठोडं होतं. बाहेरच्या कुणी लिहिलेलं एखादं अवजार हवं असेल तर ते स्वतः उतरवा, योग्य जागी ठेवा, ताजं करत राहा. व्हिम या मजकूर-संपादन प्रोग्रामच्या जगात हा प्रश्न 'व्हन्डल'ने सोडवला होता. तीच कल्पना 2012 मध्ये श्रीकांत शरत या भारतीय प्रोग्रामरने झी-शेलमध्ये आणली आणि तिला 'अँटिजेन' नाव दिलं. आरसी फाइलमध्ये, म्हणजे शेल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, प्लगइनचं नाव लिहा. अँटिजेन ते गिटहबवरून, म्हणजे कोड ठेवण्याच्या सामायिक जागेवरून, आणून जोडून देईल. आज हे साधं वाटतं. तेव्हा ते मोकळं करणारं होतं. कुणाच्या परवानगीशिवाय, कुठल्याही मोठ्या गाठोड्यात शिरण्याची वाट न पाहता कुणीही प्लगइन लिहावं आणि कुणीही ते वापरावं, हे दार एका भारतीय मुलाच्या छोट्या प्रोग्रामने उघडलं, याचा मला अभिमान आहे. पुढे झीजेन, झीप्लग, अँटिबॉडी, झीप्लगइन अशी या प्लगइन-मॅनेजरांची रांगच लागली.

आणि त्याच सुमाराला तो सेकंद लांबत गेला.

संशय साहजिकच प्लगइनवर गेला. दहा होते, तीस झाले, मग उशीर होणारच. लोक एकेक प्लगइन काढून पाहू लागले. वेळ थोडा कमी व्हायचा, पण हिशेब जुळायचा नाही. हिशेब मांडायचं साधन मात्र झी-शेलच्या पोटातच होतं, झेडप्रॉफ नावाचं. आरसी फाइलच्या पहिल्या ओळीत ते जागं करायचं आणि शेवटी त्याला जबाब विचारायचा. कोणतं फंक्शन किती वेळा चाललं आणि त्याने स्वतः किती वेळ खाल्ला, याचा तक्ता ते समोर ठेवतं.

तो तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सर्वांत वर एकाही प्लगइनचं नाव नव्हतं. तिथे होतं कॉम्पइनिट, आणि त्याच्या खाली कॉम्पऑडिट. टॅब दाबला की शब्द पूर्ण होतो, त्या सोयीची सगळी तयारी कॉम्पइनिट करतं. त्यासाठी ते ठरलेल्या फोल्डरांतून पूर्णत्वाच्या फाइली गोळा करतं. त्या फोल्डरांत दुसऱ्या कुणाला लिहिता येतं का, म्हणजे कुणी घातक फाइल घुसवू शकतो का, याची झडती कॉम्पऑडिट घेतं. काम गरजेचंच आहे. पण 'किती वेळा' या रकान्यात दोन हा आकडा होता. एक प्लगइन आपल्यापुरतं कॉम्पइनिट चालवत होतं आणि मॅनेजर सगळं जोडून झाल्यावर पुन्हा चालवत होता. एकाच घराची एका सकाळी दोनदा झडती.

पुढे कळलं की असे तक्ते जगभर निघत होते आणि बहुतेकांत हेच नाव वर होतं. उपायही मिळाले. कॉम्पइनिट एकदाच, सगळ्यांत शेवटी चालवायचं. त्याने साठवलेली डंप फाइल ताजी असेल तर झडती वगळायची. मोठ्या फाइली झीकम्पाइलने आधीच शेलच्या आतल्या भाषेत बदलून ठेवायच्या. वेळ खरंच घटला. इथे बऱ्याच जणांनी समाधान मानलं.

मात्र खरी कलाटणी पुढेच आहे, आणि ती वेळ मोजण्याच्या पद्धतीतून आली.

शेल किती वेगाने उघडतो हे मोजायची सर्वमान्य रीत अशी होती: शेल सुरू करायचा, लगेच बंद हो म्हणायचं आणि घड्याळ पाहायचं. प्रत्येक मॅनेजरचा लेखक हाच आकडा पुढे करून आपला मॅनेजर वेगवान म्हणून सांगायचा. याच काळात पोलिश प्रोग्रामर सेबास्टियन ग्नियाझडोव्स्की याने झीप्लगइनमध्ये, ज्याचं नाव पुढे झीनिट झालं, टर्बो मोड आणला. त्याचा विचार असा की प्लगइन प्रॉम्प्टच्या आधी जोडायलाच कशाला हवीत? आधी प्रॉम्प्ट दाखवा, मग माणूस विचार करत असताना एकेक प्लगइन आत घ्या. कल्पना फार सुंदर. पण झी-शेल एका वेळी एकच काम करतो. मागच्या दाराने दुसरा कामगार आत येत नाही. प्लगइन जोडलं जात असताना तुम्ही कळ दाबलीत, तर अक्षर उमटायला तेवढा वेळ लागणारच.

आता त्या मोजमापाकडे पाहा. उघड-मीटच्या चाचणीत टर्बोवाला शेल प्लगइन जोडायच्या आतच बंद व्हायचा. आकडा झकास यायचा आणि न केलेल्या कामाचं श्रेय मिळायचं. उलट बाजूही होती. रोमन पेरेपेलित्सा याने 2019 मध्ये प्रॉम्प्ट सजवणाऱ्या पॉवरलेव्हल10के या थीममध्ये 'इन्स्टंट प्रॉम्प्ट' आणला. तयार प्रॉम्प्ट एका फाइलीत साठवून ठेवायचा, पुढच्या वेळी शेल उघडताच सर्वांत आधी तोच छापायचा आणि बाकीची तयारी त्यानंतर चालू द्यायची. दरम्यान तुम्ही टाइप केलेली अक्षरं टर्मिनल सांभाळून ठेवतं आणि तयारी झाली की शेलच्या हाती देतं. माणसाला प्रॉम्प्ट डोळ्याचं पातं लवण्याआधी दिसतो, पण उघड-मीटचा आकडा तसाच मोठा. म्हणजे ज्या आकड्यासाठी इतकी वर्षं चढाओढ चालली होती, त्याचा माणसाच्या वाट पाहण्याशी धड संबंधच नव्हता.

या सगळ्या कहाणीतला मोठा शोध मला हाच वाटतो. त्यानंतर पेरेपेलित्सानेच 'झी-शेल-बेंच' लिहिलं. ते खोट्या टर्मिनलमध्ये माणसासारखं वागतं: वाट पाहतं, टाइप करतं, आज्ञा देतं, आणि चार वेगवेगळे उशीर मोजतं. किती उशीर जाणवतच नाही, हेही त्याने माणसापुढे मुद्दाम मंद केलेला शेल ठेवून तपासलं. पहिला प्रॉम्प्ट 50 मिलिसेकंदांत आला, पहिली आज्ञा 150 मध्ये सुरू झाली, दोन आज्ञांमधली वाट 10 च्या आत आणि दाबलेलं अक्षर 20 च्या आत उमटलं, तर माणसाला उशीर कळत नाही. त्याखाली आणखी घासत बसण्याला अर्थ नाही. प्रश्न यंत्राच्या श्रमांचा वाटत होता. तो निघाला माणसाच्या जाणिवेचा.

वेगाचा गुंता इथे सुटला. दुसऱ्या गुंत्याकडे अजून कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मॅनेजरची कामं दोन, आणणं आणि जोडणं. सगळी चर्चा जोडण्याची झाली. आणणं चालतंच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

2021 च्या दिवाळीच्या तोंडावर झीनिटची गिटहबवरची मूळ जागा नाहीशी झाली. पूर्वसूचना नव्हती. लेखकाने आपली कोडची भांडारं काढून टाकली होती, आणि ती त्याची होती. पण त्यांच्यासोबत आज्ञांना रंग देणारं त्याचं लोकप्रिय प्लगइनही गेलं, जे दुसरे मॅनेजर वापरणारेसुद्धा रोज जोडत होते. ज्यांच्या डिस्कवर प्रती होत्या त्यांचे शेल उघडत राहिले. नवा संगणक मांडणाऱ्याच्या वाट्याला मात्र फक्त 'सापडलं नाही' आलं. कुणाच्या फोर्कमधून, म्हणजे गिटहबवरच्या प्रतीतून, कुणाच्या जुन्या क्लोनमधून, म्हणजे डिस्कवर उतरवलेल्या प्रतीतून, वापरणाऱ्यांनी तुकडे गोळा केले आणि 'झीधर्मा-कंटिन्युअम' या नावाने सगळं पुन्हा उभं केलं. गिटमध्ये पूर्ण क्लोन केलेल्या प्रतीत इतिहासही असतो, म्हणून हे शक्य झालं. एकमेकांना न पाहिलेल्या त्या माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दोन्ही गुंत्यांना पुरून उरणारं उत्तर खरं तर आधीपासून पडून होतं. झीजेनने ते अँटिजेननंतर थोड्याच काळात मांडलं होतं. गो भाषेत लिहिलेल्या कार्लोस बेकरच्या अँटिबॉडीने ते अधिक स्वच्छ केलं आणि 'अँटिडोट'ने पुन्हा शुद्ध झी-शेलमध्ये आणलं. त्याचं नाव स्थिर फाइल. प्लगइनांची यादी एका साध्या फाइलीत लिहायची. मॅनेजर ती एकदा वाचतो, हवं ते आणतो आणि एक तयार फाइल लिहून देतो. तीत फक्त 'ही फाइल वाच, हे फोल्डर जोड' अशा सरळ ओळी. रोज शेल उघडताना तेवढीच फाइल वाचली जाते. यादी बदलली नाही, तोवर मॅनेजरला हाक मारायची गरजच नाही. आमच्याकडे पऱ्हे आधी तयार असतात, म्हणून पाऊस लागला की त्याच दिवशी रोवणीला उतरता येतं. रोवणीच्या सकाळी कुणी बियाणं शोधायला निघत नाही.

स्थिर फाइलीचा आणखी एक फायदा तिची ओळख पटल्यावर लक्षात येतो: ती वाचता येते. कोणतं प्लगइन कोणाच्या आधी येतं हे समोर दिसतं, आणि झी-शेलमध्ये या क्रमाला फार महत्त्व आहे. आज्ञेला रंग देणारं दुसरं एक प्लगइन, झी-शेल-सिंटॅक्स-हायलायटिंग, सगळ्यांत शेवटी यावं, असं त्याच्या लेखकांनीच सांगून ठेवलंय, कारण आधी आलेल्या सगळ्या कळा-फंक्शनांवर त्याला आपला थर चढवायचा असतो. एरवी हा क्रम मॅनेजरच्या पोटात दडलेला असतो आणि तो चुकला की रंग अधूनमधून गायब होतात. कारण शोधायला रात्र जाते.

माझी मांडणी अशी बदलून झाल्यावर एका पावसाळ्यात मी तिची कसोटी घेतली. वायफाय बंद केलं. मॅनेजरच्या फोल्डरचं नाव बदललं, म्हणजे शेलच्या लेखी तो नाहीसाच झाला. नवं टर्मिनल उघडलं. प्रॉम्प्ट आला. गिटची शाखा आली. अर्धी आज्ञा लिहिली तर उरलेली फिकट रंगात पुढे सरकली, चुकीचा शब्द लाल झाला, टॅबने फाइलचं नाव पूर्ण केलं. झेडप्रॉफच्या तक्त्यात कॉम्पइनिटपुढे एक होता.

एक काम मात्र उरलं. यादीत प्लगइनचं फक्त नाव लिहिलं की मॅनेजर त्याची सर्वांत ताजी आवृत्ती आणतो, मग ती काल रात्री कुणीही बदललेली का असेना. आणि शेलमध्ये जोडलेला कोड माझ्याच अधिकाराने चालतो. माझ्या फाइली, माझ्या किल्ल्या, सगळं त्याला दिसतं. म्हणून आता यादीतल्या प्रत्येक नावापुढे कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा, क्रमांक लिहितो आणि ताजं करण्याआधी दोन कमिटांमधला फरक वाचतो. काही प्लगइन इतकी मोठी निघाली की तो फरक वाचून होईना. ती मी यादीतून काढली.