प्रकृती की विकृती? – वापरलेली वेगवान कूपे निवडताना

यंदाच्या स्मरणिकेसाठी पाठदुखीवर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. ती मी शिरसावंद्य मानली आहे. फक्त वाट किंचित वळणाची आहे. आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांच्या मनात तारुण्यापासून एक गाडी दडलेली असते. दोन दारांची, मागे उतरत गेलेल्या छपराची, जोरकस इंजिनाची. शिक्षण, दवाखाना, घराचे हप्ते आणि मुलांची फी यांतून मोकळीक मिळेपर्यंत पन्नाशी उलटते, आणि गाडी घेण्याची ऐपत येते तेव्हा कंबर कुरकुरू लागलेली असते. माझ्याही एल-४–एल-५ या चकतीची शस्त्रक्रिया झालेली आहे. तेव्हा वेग हवा, पण मणक्यास त्रास नको, आणि नव्या गाडीची किंमत तर आवाक्याबाहेरची, अशा तिहेरी अडचणीतून मला जो अभ्यास करावा लागला, तो येथे मांडतो.

कूपे हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ ‘कापलेली’. बंद घोडागाडीचा एक भाग छाटून जे आटोपशीर वाहन केले, त्याचे हे नाव पुढे मोटारीस चिकटले. आपल्याकडे या प्रकाराची परंपरा क्षीणच. रेनॉच्या १.२ लिटर इंजिनावर धावणारी फायबरग्लासची सॅन स्टॉर्म दिसायला खेळकर होती, पण तिला वेगवान म्हणणे हा औदार्याचा भाग झाला. दिल्लीच्या २०१२ च्या वाहन प्रदर्शनात मांडली गेलेली डीसी अवंती मात्र या मातीतली खरी दोन आसनी कूपे. इंजिन रेनॉचेच, पण दोन लिटरचे, टर्बोयुक्त आणि आसनांच्या पाठीमागे बसविलेले. बाकी आपल्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जे येते ते परदेशी: ऑडी टीटी, २०१६ मध्ये उजव्या हाताच्या सुकाणूसह भारतात आलेली फोर्ड मस्टँग, २०१९ मधील मर्सिडीज-एएमजी सी ४३ आणि बीएमडब्ल्यूच्या काही जाती.

या गाड्या टणक असतात, हे आपण ऐकून असतो. पण टणक म्हणजे नेमके काय? बसलेल्या माणसाचा मणका उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ६ कंपनांना अनुनाद देतो. संपूर्ण शरीराच्या कंपनांविषयीचे आयएसओ २६३१ हे मानकही ४ ते ८ हर्ट्झ या पट्ट्याला सर्वाधिक भार देते. सौम्य प्रवासी गाडीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतो. खेळाडू वृत्तीच्या गाडीत हा आकडा दोनच्या आसपास वा त्याही पुढे जातो. स्प्रिंग जितकी ताठ आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर जितका आवळलेला, तितका रस्त्यावरचा ठोसा मणक्याच्या त्या नाजूक पट्ट्यात अधिक पोहोचतो. ताशी ८० किलोमीटरने जाताना दर साडेचार मीटरवर उंचवटा आला, तर सेकंदाला पाच हिसके बसतात. शस्त्रक्रिया झालेल्या चकतीसाठी याहून वाईट ताल शोधूनही सापडणार नाही.

यात गाडीच्या जन्मजात घडणीचा वाटा मोठा. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर जास्त असेल, तर गाडी पुढे-मागे कमी डुलते. मस्टँगमध्ये ते २,७२० मिलिमीटर आहे, टीटीच्या तिसऱ्या पिढीत २,५०५. टायरची उंचीही तितकीच महत्त्वाची. टायरवर २५५/४० असे लिहिलेले असेल, तर त्याची भिंत रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे १०२ मिलिमीटर असते. २४५/३५ असेल तर जेमतेम ८६. खड्ड्याच्या कडेवर हे सोळा मिलिमीटर रबर काय करते, ते आपल्या भागात एक पावसाळा काढलेल्यास सांगावे लागू नये. मोठ्या रिमच्या मोहात पडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. एकाच गाडीत लहान रिमचा पर्याय कंपनीने दिला असेल, तर तोच घ्यावा, मग ती छायाचित्रात थोडी कमी देखणी दिसली तरी चालेल.

पुष्कळ बीएमडब्ल्यू गाड्यांत रनफ्लॅट टायर येतात. त्यांची भिंत इतकी ताठ असते की हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी चालवता येते. हाच ताठपणा हवा भरलेली असतानाही कमरेला जाणवतो. साधे टायर बसविले की गाडीचा स्वभाव पुष्कळ निवळतो. पण अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते, हे विसरू नये. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप जवळ ठेवूनच हा बदल करावा.

येथवर झाली प्रकृती. आता विकृती. माझ्या मते वापरलेली कूपे निवडताना खरा प्रश्न हाच असतो: समोरची गाडी हादरे देते आहे, तो तिचा स्वभाव की तिचा आजार? स्वभाव बदलत नाही, आजार बरा होऊ शकतो. आणि विक्रेता दोन्हींची किंमत सारखीच सांगतो.

अशा गाड्यांच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेले असते: “डॉक्टरांची गाडी, फक्त १४,००० किलोमीटर.” आपण हुरळून जातो. वास्तविक ही गाडी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासारखी समजावी. दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू झडतात, सांधे आखडतात, शय्याव्रण होतात. तसेच येथे होते. टायरवरची नक्षी नव्यासारखी, पण रबर दगडासारखे. एकाच जागी उभे राहून त्यावर चपटे डाग पडलेले. रबरी बुशांना भेगा. ब्रेकच्या द्रवाने हवेतील ओलावा शोषलेला. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचे टायर असलेली गाडी चालवून तिच्या आरामाविषयी मत बनवणे म्हणजे तापात फणफणलेल्या माणसाच्या स्वभावाचे वर्णन करण्यासारखे आहे.

उलटही घडते. मुंबईत एका विक्रेत्याकडे मी एक कूपे चालवून पाहिली. खड्ड्यांवरून ती लोण्यासारखी गेली. मी भारावलो. परत आल्यावर सहज खिशातला हवा मोजायचा मापक लावला, तर चारही टायरांत दाराच्या चौकटीवरील तक्त्यापेक्षा बरीच कमी हवा. ती पुरेशी भरवून पुन्हा त्याच रस्त्याने गेलो, तेव्हा डाव्या पुढच्या चाकातून ठक् ठक् ऐकू आले. तेव्हापासून मापकाविना गाडी पाहायला जात नाही. स्टेथोस्कोपपेक्षा तो स्वस्त मिळतो.

गाडी उचलून खालून पाहावी, आणि आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडेच पाहावी. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का, लोअर आर्मचे बुश फाटले आहेत का, रिमच्या आतल्या कडेला बाक वा चीर आहे का. रिमची आतली बाजू बाहेरून दिसत नाही, आणि खड्ड्याचा मार नेमका तेथेच बसतो. पूर्वीच्या मालकाने हौसेने आखूड स्प्रिंगा लावून गाडी खाली बसविली असेल, तर मी तेथूनच नमस्कार करून परततो. स्प्रिंगेची चाल संपली की गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि तो धक्का कोणतेही आसन शोषू शकत नाही. काही गाड्यांत चुंबकीय द्रवाचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतात; विद्युतप्रवाहाने द्रवाची श्यानता क्षणार्धात बदलते आणि एकच गाडी मऊही होते, ताठही. सुख अपूर्व, पण बदलण्याचा खर्चही तितकाच. प्रत्येक पर्यायात फरक जाणवतो का, हे तपासून मगच त्याचे पैसे मोजावेत.

संगणकीय तपासणीत दोष आढळला नाही, एवढ्यावर विसंबू नये. स्कॅनरवर ‘रेडिनेस’ अपूर्ण दिसत असेल, तर दोषनोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या असण्याची शक्यता असते. दवाखान्यात येण्यापूर्वी पॅरासिटामॉल घेऊन येणारे रुग्ण आपणांस परिचित आहेतच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधावी. २६ जुलै २००५ नंतर मुंबईच्या पुरात बुडालेल्या कित्येक गाड्या पुसून-पासून बाजारात आल्या होत्या, आणि पूर आजही येतातच.

आसनाची परीक्षा निराळी. दरवाजा लांब व जड, आसन जमिनीलगत. आधी बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. बाहेर येताना उलट क्रम. हे दहा वेळा करून पाहावे, दुकानात लाजू नये. मग किमान तासभर चालवावी. पाठदुखी पहिल्या दहा मिनिटांत बोलत नाही. माझी वाट ठरलेली आहे: खडोलीहून मालमोटारींनी उखणलेल्या रस्त्याने निघून खानवेल, तेथून दुधनीच्या वळणांवर, आणि परतताना गावोगावचे गतिरोधक. गतिरोधकावर पोट घासले, तर त्या गाडीचा वेग आपल्याला काय कामाचा?

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. मुंबई वा सुरतेची गाडी आपल्याकडे आणली, तर मूळ आर.टी.ओ.ची फॉर्म २८ वरील ना-हरकत, हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३०, आणि बँकेचा बोजा असल्यास तो उतरविणारा फॉर्म ३५ हवा. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहिली, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ अन्वये नवी नोंदणी क्रमप्राप्त ठरते. चासी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. वर उल्लेखिलेल्या अवंतीच्या निर्मात्यांवर डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी कारवाई केली, ती एकाच गाडीच्या अनेक नोंदण्या व त्यांवर कर्जे या आरोपावरून. सुट्या भागांचाही विचार व्हावा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. टीटीचे उत्पादन नोव्हेंबर २०२३ मध्ये संपले.

अखेर मी घेतली ती गाडी पहिल्या फेरीत मला मुळीच आवडली नव्हती. कठोर, कर्कश, दोन दिवस कंबर धरणारी. टायर नऊ वर्षांचे होते, पुढचे बुश फाटलेले. शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र निकोप, रिम सरळ, स्प्रिंगा मूळच्या. म्हणजे आजार होता, स्वभाव नव्हे. विक्रेत्याने टायरांचे पैसे किमतीतून कमी केले, बुशांचे मी घातले. गेल्या महिन्यात मुंबईला परिषदेस तिनेच गेलो. दर तासाने थांबलो, पाय मोकळे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्यरुग्ण विभागात वेळेवर बसलो होतो, पट्टा न बांधता.