बळाची गोष्ट – ९ : हाडं पावलं मोजत नाहीत

आज प्रथिनांवर लिहायचं कबूल केलं होतं. डाळ किती, दूध-ताक किती, अंडं न खाणाऱ्यांनी काय करायचं, हे सगळं आता पुढच्या आठवड्यात. मधेच सांगलीहून एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की अख्खा लेखांक त्यालाच द्यावासा वाटतो.

पत्र लिहिणाऱ्या बाई ६३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. खुर्चीच्या चाचणीत पाच वेळा उठून बसायला त्यांना १४ सेकंद लागले. १२ सेकंदांच्या मर्यादेपलीकडे गेलेले तुमच्यातले बरेच जण आहेत, त्यामुळे ते बाजूला ठेवू. त्या गेली अकरा वर्षं रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, पावसाळ्यातही छत्री घेऊन. तरीही यंदा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा निर्देशांक, उणे २.७ आला, तीन वर्षांपूर्वी तो उणे २.४ होता. म्हणजे उणे २.५ ची रेषा ओलांडून त्या ऑस्टिओपोरोसिसच्या गटात गेल्या. ‘एवढं चालूनही हाडं विरळ होतातच कशी?’ असं त्या विचारतात, आणि शेवटी, ‘आता सात किलोमीटर करू का?’

नका करू. चालणं सोडूही नका. हृदयासाठी, रक्तातल्या साखरेसाठी, मन प्रसन्न राहावं म्हणून ते हवंच. पण वाढवलेल्या दोन किलोमीटरांतून हाडांच्या हाती काही लागणार नाही.

याचं कारण समजायला मला नेहमी १९८४ सालचा एक प्रयोग आठवतो. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन या दोघांनी पक्ष्याच्या पंखातलं एक हाड असं वेगळं केलं की पंख फडफडवून त्यावर भार येऊच नये. मग बाहेरून यंत्रानं त्यावर रोज मोजून भार द्यायचा. काहींना अजिबात भार दिला नाही. ते हाड झिजत गेलं. काहींना रोज फक्त ४ वेळा भार दिला, झीज थांबली. ३६ वेळा दिला तेव्हा हाड वाढलं. मग त्यांनी आकडा ३६० वर नेला, १८०० वर नेला. ३६ ला जेवढं वाढलं होतं त्याहून जास्त काही वाढलं नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुन्हा मागे जाऊन आकडे तपासले होते. दिवसाकाठी ३६ वेळा, म्हणजे एक-दोन मिनिटांचं काम!

रेल्वेरुळाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला गाड्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो, पण दारावर अनोळखी थाप पडली की तो जागा होतो. हाडांच्या पेशींचंही असंच आहे. एकसारखा, सवयीचा भार पहिल्या काही डझनांनंतर त्यांच्या लेखी संपतो. अमेरिकेत इंडियाना इथे अलेक्झांडर रॉबलिंग आणि चार्ल्स टर्नर यांनी उंदरांवर दाखवलं की तेवढाच भार एका दमात देण्याऐवजी मधे काही तासांची विश्रांती ठेवून विभागून दिला, तर हाड अधिक तयार होतं. पाच किलोमीटर म्हणजे सहा-सात हजार पावलं, पण सांगलीच्या बाईंच्या हाडांपर्यंत त्यातली सुरुवातीची थोडीच पोचत असणार.

दुसरा मुद्दा भाराच्या आकाराचा. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांच्या गटानं खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतच भार मोजणारी उपकरणं बसवली आणि ते रुग्ण चालताना, जिने उतरताना सांध्यावर किती भार येतो ते नोंदवलं. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. आकडा मोठा वाटतो, पण खुब्याला तो बालपणापासून ठाऊक आहे. हॅरॉल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदानं हाडांचा हा स्वभाव फार स्पष्ट मांडला: सवयीपेक्षा कमी भार आला की हाड काढून टाकलं जातं, सवयीएवढा आला की आहे ते टिकतं आणि सवयीच्या बराच वर गेला तरच नवं घातलं जातं. अंतराळात चालणंच थांबतं तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. म्हणून बाईंची अकरा वर्षं वाया गेली असं मी मुळीच म्हणणार नाही. पण चालण्यावर झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा मांडीच्या हाडाच्या मानेला थोडा लाभ दिसला, कमरेच्या मणक्यांना नाही. पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होऊन जी झीज सुरू होते, तिला रोखायला सपाट रस्त्यावरची पावलं पुरत नाहीत.

ही दखल घेतं तरी कोण? हाडाच्या कठीण भागातही जिवंत पेशी असतात, ऑस्टिओसाइट. अतिसूक्ष्म पोकळ्यांत त्या बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक नळ्यांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. भार आला की हाड किंचित वाकतं, नळ्यांतला द्रव सरकतो आणि पेशींना वर्दी मिळते. भार झटक्यात आला तर द्रव जोरात सरकतो, म्हणून उडीचा परिणाम सावकाश टाकलेल्या पावलापेक्षा वेगळा. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून नवं हाड घालण्याचं काम थोपवून धरतात. पुरेसा भार आला की ते कमी होतं आणि काम सुरू होतं. या प्रथिनाचा माग लागला तो दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर कुटुंबांमुळे. त्यांच्यातल्या काही घराण्यांत हाडं जन्मभर जाड होत जाण्याचा दुर्मीळ विकार होता. कवटी जाड होऊन नसा दबायच्या, बहिरेपण यायचं. २००१ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, आणि स्क्लेरोस्टिनला अडवणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या ठिकाणी हे महागडं इंजेक्शन काम करतं, त्याच ठिकाणी वजन उचलणंही काम करतं. मला याचं अजूनही नवल वाटतं.

मग किती वजन? इथे ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचा लिफ्टमोर प्रयोग सांगायलाच हवा. बेलिंडा बेक आणि स्टीव्हन वॉटसन यांनी हाडांची घनता कमी असलेल्या, सरासरी ६५ वर्षांच्या १०१ स्त्रिया घेतल्या. अर्ध्या जणींना घरी करायचे हलके व्यायाम दिले. उरलेल्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली खरोखरीचं जड वजन: जमिनीवरून बार उचलणं म्हणजे डेडलिफ्ट, खांद्यावर बार घेऊन बैठक, डोक्यावर बार ढकलणं, आणि दांडी धरून उडीनं वर जाऊन दोन्ही पायांवर धपकन उतरणं. पाच-पाच वेळांचे पाच सेट. एकदाच कसंबसं उचलता येईल अशा वजनाच्या ८० ते ८५ टक्के भार. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. हलक्या व्यायामाच्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. दुखापत? वजन उचलणाऱ्या गटात एकीची कंबर थोडी भरली, एवढीच.

या वयाच्या बायकांना आपल्याकडे ‘जड काही उचलू नका’ असं घरचे सांगतात, शेजारी सांगतात, कधी डॉक्टरही सांगतात. मला हा सल्ला फार घातक वाटतो. पण लिफ्टमोरमध्येही पहिला महिना बिनवजनाचा किंवा अगदी हलक्या वजनाचा होता आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं आधी शिकवलं होतं. बाईंनीही तसंच करावं. आधी हात न टेकता खुर्चीवरून उठणं, मग छातीशी पाच किलो तांदळाची पिशवी धरून तेच, मग हाडांचं काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षक गाठून बार. उणे २.७ ला औषध सुरू करायचं का, हे डॉक्टरांशी बोलणं मात्र आधी. वजन उचलणं हा औषधाला पर्याय नाही, दोन्ही एकत्र चालतात. आणि तीन महिन्यांत पुन्हा डेक्सा करायची घाई नको. जुनं हाड काढून तिथे नवं भरायलाच काही महिने जातात. किमान वर्ष थांबा आणि त्याच यंत्रावर करा.

बेर्गमान यांच्या नोंदींतली आणखी एक गोष्ट राहिली. एक रुग्ण मोजणी चालू असताना अडखळला आणि खुब्यावर क्षणभर वजनाच्या सात-आठ पट भार आला. तोल सावरायला स्नायू एकदम ताकदीनं आवळले जातात, त्याचा हा भार. अडखळल्यावर पाय झटकन पुढे टाकायला स्नायूंमधले वेगवान तंतू लागतात, आणि वय वाढताना सर्वांत आधी तेच बारीक होतात. संथ चालण्यात त्यांना फारसं कामच पडत नाही. खुब्याचं हाड बहुतेकदा पडल्यामुळेच मोडतं, म्हणून घनतेइतकंच हेही महत्त्वाचं. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्याला वजनांची जोड दिलेल्या कार्यक्रमांत ३४ टक्क्यांनी. नुसत्या चालण्याबद्दल असं काही ठामपणे सांगता आलं नाही.

जाता जाता सूर्यनमस्कारांबद्दल, कारण त्यावर एकाहून अधिक वाचकांनी विचारलं आहे. मनगटं, दंड, खांदे यांच्यावर भार येतो म्हणून मला सूर्यनमस्कार आवडतात, आणि जोर तर त्याहून. पण मणके विरळ झालेल्यांनी पुढे वाकण्याबद्दल सावध राहावं. मेयो क्लिनिकच्या मेहर्शीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचे मणके पुढच्या काळात नव्यानं दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचे. काहीच न करणाऱ्यांमध्ये हा आकडा ६७ होता. गट लहान होते, तरी फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. तेव्हा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरहून अधिक घटली असेल, तर आधी मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या. तो डॉक्टरांनी पाहीपर्यंत हस्तपादासन आणि पश्चिमोत्तानासन बंद ठेवा. भुजंगासन आणि शलभासन सहसा चालतात, तेही त्यांना विचारूनच.