खुष्कीचं बंदर

क्रूझवरच्या प्रवाशाला बंदराचं शहर फार तर सहा-आठ तास मिळतं. त्यात पाऊस लागला की निम्मी मंडळी जहाजावरूनच धक्का पाहतात आणि संध्याकाळी पुढच्या बंदराला लागतात. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या चांदवडला तर एवढाही वेळ कुणी देत नाही. नाशिकपासून जेमतेम 65 किलोमीटरवरचं हे गाव. इथं लोक चहा घेतात, गाडीच्या काचा पुसतात आणि राहुड घाटाकडे निघून जातात. पावसाळ्यात डोंगर ढगात गेलेले असतात, म्हणून थांबायला कारणही उरत नाही, असं त्यांना वाटतं. मला मात्र वाटतं, चांदवड पाहायचं तर याच दिवसांत, आणि एखादं बंदर पाहावं तसं. समुद्र सह्याद्रीपलीकडे असला तरी हे गाव मोठं झालं ते बंदरासारखंच, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर.

आधी डोंगर समजून घ्यायला हवेत. सह्याद्रीतून फुटलेली सातमाळची रांग इथून पूर्वेकडे जाते. धोडप, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड असे किल्ले तिच्यावर ओळीनं बसलेत. रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातो. उत्तर उताराचं पाणी गिरणेत, गिरणेतून तापीत आणि तिथून अरबी समुद्रात. एका डोंगराचं पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं ते इथं. अशी भिंत बैलगाड्यांना आणि लमाणांच्या तांड्यांना वाटेल तिथून ओलांडता येत नाही. जिथं ती खचते तिथूनच खानदेशची वाट दख्खनेत उतरणार आणि त्या खिंडीच्या तोंडाशी गाव वसणार. वाटेवर नजर ठेवायला किल्ला, माल तपासायला चौकी, मुक्कामाला पेठ, हे सगळं मग ओघानं आलं.

आणि टाकसाळ. चांदवडच्या इतिहासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच. अठराव्या शतकात ‘चांदवडी रुपया’ हे नाशिक-खानदेशातलं नेहमीचं चलन होतं. नाणं दिसायला ठेंगणं आणि जाडजूड. ठसा चांदीच्या तुकड्याहून मोठा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर अक्षरांचा थोडाच भाग उमटायचा. चार नाणी शेजारी ठेवली की मजकूर जुळत जातो. तो फारसीत आहे: दिल्लीचा बादशहा शाह आलम याचं नाव आणि टाकसाळीचं नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. गाव होळकरांचं, नाव बादशहाचं. बाजार ज्या नाण्यावर विश्वास ठेवतो तसंच ते पाडायचं, असा तेव्हाचा रिवाज होता.

ही चांदी आली कुठून? आपल्याकडे चांदीच्या खाणी नसल्यातच जमा होत्या. कापड, नीळ, मसाले यांच्या बदल्यात ती जहाजांनी परदेशातून यायची, आधी सुरतेला आणि पुढे मुंबईलाही. तिथून व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून देशावर चढायची. मुलूख बदलला की चलन बदलायचं. सराफ नाणं वाजवून, तोलून पाहायचा, त्यातली खरी चांदी किती ते ठरवायचा आणि बट्टा कापून दुसरं नाणं हातावर ठेवायचा. टाकसाळ जवळ असली तर व्यापाऱ्याला स्वतःची चांदी देऊन, मजुरी भरून चालू रुपये पाडून घेता यायचे. वाटेवरच्या गावात टाकसाळ असण्याचं इंगित हे आहे. जहाजातून उतरलेली चांदी इथं रुपया होऊन पुढे चालायला लागायची.

गावातल्या होळकरांच्या रंगमहालाकडे वळावं ते हे मनात ठेवून. बाहेरून तो गढीसारखा दिसतो: उंच तटबंदी, भक्कम दरवाजा. आत मात्र नक्षीदार लाकडी खांब, चौक आणि भिंतींवरची चित्रं. अहिल्यादेवींनी 1767 ते 1795 या काळात महेश्वरहून कारभार पाहिला आणि चांदवड होतं पुणे आणि महेश्वर यांच्या वाटेवर. अशा ठिकाणी धनी राहत नसला तरी त्याचा दरारा दिसावा लागतो. पावसाळी दिवशी चौकात उभं राहून खांबांवरची नक्षी सावकाश पाहावी. मात्र जतनाच्या कामामुळे कधी कधी काही भाग बंद असतो, म्हणून आधी विचारून जावं.

पुढची हकीगत थोडक्यात संपते. 1804 मध्ये इंग्रजांच्या कर्नल वॉलेसनं चांदवडचा किल्ला घेतला, नंतर तो होळकरांना परत मिळाला आणि 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर कायमचा इंग्रजांकडे गेला. 1835 च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा एकसारखा रुपया आला आणि देशी टाकसाळींचे दिवस भरले. 1860 च्या दशकात रेल्वे आली ती लासलगाव-मनमाडवरून. चांदवड बाजूला राहिलं. रस्ता होता म्हणून गाव तगलं.

रंगमहालानंतर हातात दोन तास असतील तर डोंगराच्या कुशीतलं रेणुकामातेचं देवस्थान गाठावं. त्याचं बांधकाम अहिल्यादेवींच्या नावावर सांगतात. रंगमहालापासून तिथवर भुयार असल्याचं गावात कुणीही सांगेल. त्याचा पुरावा मागत बसू नये, ऐकून घ्यावं. डोंगरात कोरलेलं जैन लेणंही आहे, पण उघडीप असेल तरच. किल्ल्याचं आणि इंद्राईचं नाव पावसात काढू नये. इंद्राईच्या कातळात फारसी शिलालेख कोरलेला आहे, तो पाहायला हिवाळ्यात वेगळा दिवस काढावा. जैन समाजानं 1928 मध्ये सुरू केलेल्या नेमिनाथ ब्रह्मचर्याश्रमाचं आता मोठं शैक्षणिक संकुल झालंय. ते महामार्गावरूनच दिसतं. विद्यार्थ्यांच्या वर्दळीमुळे गावाला आजही परगावच्या माणसांची सवय आहे.

बंदराशी असलेलं नातंही तुटलेलं नाही. या तालुक्यातला कांदा कसारा घाट उतरून न्हावाशेव्याच्या बंदरात जातो आणि कंटेनरमधून दुबई, कोलंबो, मलेशियापर्यंत पोचतो. निर्यातबंदीची बातमी आली की बाजार समितीच्या आवारातले भाव पडतात. समुद्रावर काय चाललंय याची खबर इथल्या शेतकऱ्याला ठेवावीच लागते.

एवढं सगळं असून महामार्गावरून जाणाऱ्याला यातलं काही कळायला मार्ग नाही. रंगमहालातल्या एखाद्या दालनात चांदवडी रुपयांची दहा-वीस अस्सल नाणी, ती पाडण्याची रीत आणि जुन्या वाटांचा नकाशा मांडायला फार पैसा लागणार नाही. पुरातत्त्व विभाग आणि नगरपरिषदेनं हे मनावर घ्यावं. तोवर पावसात उतरणाऱ्यानं छत्री उघडून सरळ रंगमहालाचा रस्ता विचारावा.