तोंडओळखीचे सामाजिक मूल्य

शहरातील माणसाच्या संबंधांचा विचार करताना कुटुंब, ज्ञाती आणि स्नेही यांच्याकडेच प्रामुख्याने लक्ष जाते. परंतु कोपऱ्यावरचा वाणी, इस्त्रीवाला, वर्तमानपत्रे विकणारा यांच्याशीही माणसाचा रोज दोन-चार शब्दांचा व्यवहार होत असतो. त्यांचे पूर्ण नाव बहुधा ठाऊक नसते. घरी जाणे-येणे तर नसतेच. अशा संबंधाला मराठीत ‘तोंडओळख’ हा नेमका शब्द आहे. मात्र बोलताना त्यास ‘नुसती’ हे विशेषण हटकून जोडले जाते. हा उणेपणा कितपत रास्त आहे, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

जेन जेकब्ज यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूयॉर्कमधील हडसन स्ट्रीटवरील एक रिवाज नोंदविला आहे. बाहेरगावी जाताना पाहुण्यासाठी घराची किल्ली ठेवावयाची झाल्यास रहिवासी ती खाद्यपदार्थांच्या दुकानदाराकडे देत. दुकानदार विश्वासू असे आणि पाहुणा कोण, कशासाठी आला, याची चौकशी करीत नसे. किंबहुना ओळखीला मर्यादा होती, म्हणूनच विश्वास शक्य झाला. मैत्रीत अपेक्षा येतात, आणि त्यांबरोबर रुसवेही. तोंडओळखीत आधार मिळतो, पण खाजगीपणास बाध येत नाही.

हा आधार केवळ मनाच्या समाधानापुरता नसतो. मुंबईच्या गिरणगावात कामगारांचे घर पगारापासून पगारापर्यंत वाण्याच्या उधारीवर चाले. १९२८ सालचा गिरणीसंप सुमारे सहा महिने टिकला. अशा दीर्घ संपांत वस्तीतील दुकानदारांच्या उधारीचा मोठा हातभार असे, हे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे. ही उधारी म्हणजे निव्वळ परोपकार नव्हे. गिऱ्हाईक टिकविणे व मागील बाकी बुडू न देणे, हा दुकानदाराचा स्वार्थही तीत होता. परंतु तारण नसताना धान्य द्यावयाचे, तर माणूस रोज नजरेस पडणारा असावा लागतो.

याहून गंभीर उदाहरण शिकागोचे आहे. जुलै १९९५ मधील उष्णतेच्या लाटेत त्या शहरात सातशेहून अधिक माणसे दगावली. नॉर्थ लॉनडेल व साउथ लॉनडेल या लगतच्या वस्त्या. दोहोंतही एकाकी आणि गरीब वृद्ध पुष्कळ होते. तथापि पहिलीतील मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या जवळजवळ दहापट होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांच्या २००२ सालच्या ग्रंथातील मीमांसेनुसार, साउथ लॉनडेलमधील दुकाने व गजबजलेले रस्ते वृद्धांना घराबाहेर पडण्यास प्रवृत्त करीत. नॉर्थ लॉनडेलमधून मात्र कारखाने, दुकाने व रहिवासी निघून गेले होते, आणि वृद्ध भीतीने दारे लावून आत राहत. या मीमांसेवर पुढे आक्षेपही घेतले गेले. परंतु तिने उपस्थित केलेला प्रश्न दृष्टिआड करता येत नाही.

तोंडओळख ठरवून जोडता येत नाही. मीठ किंवा साबण आणावयास गेले असता ती आपोआप जडते. त्यासाठी पायी जाण्याजोग्या अंतरावर दुकान असावे लागते आणि दुकानदार बराच काळ तोच राहावा लागतो. माल घरपोच मिळू लागला की वेळ आणि श्रम वाचतात, ही सोय खरीच. मात्र एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती चार दिवस दुधाला आली नाही, ही गोष्ट सर्वांआधी ज्याच्या ध्यानात येते, तो बहुधा आप्त नसतो, दुकानदार असतो. जुन्या वस्त्यांची पुनर्रचना करताना तळमजल्यावरील गाळ्यांचा हिशेब केवळ भाड्यावरून केला, तर ही जाग त्या हिशेबातून सुटते.