लव, मलम आणि निद्रारोग

जुलै २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘व्हॅनिका’ नावाच्या मलमाला परवानगी दिली. बायकांच्या चेहऱ्यावर वाढणारे नकोसे केस मंदावणारे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे ते पहिले मलम. त्यातले मुख्य द्रव्य एफ्लॉर्निथिन, प्रमाण १३.९ टक्के. याच द्रव्याने त्याआधी आफ्रिकेत निद्रारोगाने बेशुद्ध पडलेली माणसे उठवून बसवली होती. आणि मलमाच्या जाहिराती झळकू लागल्या, तेव्हा तिथल्या दवाखान्यांतला त्याचा शेवटचा साठा संपत आला होता. या गोष्टीला आता पाव शतक झाले. ती आजही बहुधा अर्धीच सांगितली जाते, म्हणून हा मागोवा.

केस घालवणाऱ्या लेपांचा इतिहास फार जुना आहे आणि त्यात विषाचा वाटा मोठा आहे. सुश्रुतसंहितेत जखम भरताना आड येणारे केस काढण्यासाठी शंखचूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग असा लेप सांगितला आहे. तुर्की हमामांत वापरला जाणारा ‘रुस्मा’ही हरताळ आणि कळीचा चुना यांचाच. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचे संयुग. चुन्याशी मिसळले की त्याचा लेप केस विरघळवतो आणि तो धुवायला उशीर झाला तर कातडीही सोलून काढतो.

पुढे केसाच्या मुळावरच घाव घालण्याचे प्रयत्न झाले, ते आणखी महागात पडले. १९३० च्या सुमारास अमेरिकेत ‘कोरेमलू’ नावाचे मलम निघाले. त्यात थॅलियम ॲसिटेट होते. थॅलियम तेव्हा उंदीर मारायला वापरत. लहान मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर उपचार करताना केस झडावेत म्हणून युरोपातले त्वचारोगतज्ज्ञ ते देत असत, त्यावरूनच ही कल्पना सुचली. पण थॅलियम कातडीतून अंगात भिनते. ओठांवरचे केस जावेत म्हणून मलम चोळणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचे केस गेले, पाय लुळे पडले, काहींची दृष्टी अधू झाली. नुकसानभरपाईच्या दाव्यांखाली कंपनी बुडाली. मात्र सरकारला ती बंद करता आली नव्हती, कारण १९०६ च्या अन्न व औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधने येतच नव्हती. ती कायद्याच्या कक्षेत आली १९३८ मध्ये, आणि त्या कायद्यासाठी जनमत तयार करायला जी प्रकरणे लोकांपुढे मांडली गेली, त्यांत कोरेमलू होते.

त्यानंतर थायोग्लायकोलेटची मलमे आली आणि टिकली. आपल्याकडे ‘ॲन फ्रेंच’ हे नाव एका पिढीच्या तोंडी होते. ते मलम लावले की न्हाणीघरात भरणारा उग्र वास त्याच पिढीला आठवत असेल. हे रसायन केसातल्या केराटिनचे बंध तोडते आणि केस पुसून निघतो. पण मूळ जागच्या जागी राहते, त्यामुळे काही दिवसांत पुन्हा खुंट जाणवतात. दोरा, वॅक्स, ब्लीच, लेप या सगळ्यांचे काम वरवरचे. मुळाचा वेग कमी करणारे आणि तरीही अंगाला न बाधणारे औषध काही सापडले नव्हते.

सापडले ते भलत्याच शोधात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या मेरेल कंपनीच्या संशोधन केंद्रात कर्करोगासाठी एक रेणू तयार झाला. शरीरात ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज नावाचे विकर असते. भराभर विभागणाऱ्या पेशींना लागणारी पॉलिअमिन्स त्याच्यामुळे तयार होतात. ते विकर बंद पाडायचे, म्हणजे गाठीची वाढ थांबेल, असा हिशेब होता. हे एफ्लॉर्निथिन कर्करोगावर तेव्हा फारसे चालले नाही. पण १९८० मध्ये सायरस बाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रारोगाच्या जातीच्या परजीवीने ग्रासलेले उंदीर या औषधाने बरे करून दाखवले. माणसाचे शरीर हे विकर भराभर नव्याने बनवते, परजीवीला तितके जमत नाही, म्हणून मार त्यालाच अधिक बसतो.

निद्रारोग त्सेत्से माशीच्या चाव्यातून होतो. परजीवी मेंदूत शिरला की रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, भ्रमिष्ट होतो आणि उपचार न मिळाल्यास दगावतो. या टप्प्यावर तोवर एकच औषध हाताशी होते, मेलारसोप्रॉल. तेही आर्सेनिकचेच. शिरेत टोचताना आगीसारखे भाजायचे आणि ज्यांना दिले त्यांतले सुमारे पाच टक्के रुग्ण औषधानेच मरायचे. एफ्लॉर्निथिन दिल्यावर कोमातले रुग्ण जागे झाले. १९८० च्या दशकात डॉ. सिमॉन व्हान निउवेनहोव्ह यांनी दक्षिण सुदानात त्याचा वापर केला, आणि १९९० मध्ये अमेरिकेत त्याला निद्रारोगासाठी परवानगीही मिळाली. एक अडचण होती. दर सहा तासांनी सलाइनमधून, चौदा दिवस, म्हणजे छप्पन्न वेळा ते द्यावे लागे. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याच्या गिऱ्हाइकांकडे पैसे नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने उत्पादन थांबवले. नेमक्या त्याच दशकात काँगो, अंगोला, सुदान इथल्या यादवीत निद्रारोग पुन्हा उसळला होता. १९९८ मध्ये जवळपास ४०,००० रुग्णांची नोंद झाली, आणि न नोंदलेले याच्या कितीतरी पट होते.

केसांचे मूळ हीसुद्धा भराभर विभागणाऱ्या पेशींचीच जागा. एफ्लॉर्निथिन पोटात घेणाऱ्या काही रुग्णांचे केस गळत. हे विकर त्वचेतच अडवले तर केसांची वाढ मंदावेल, या तत्त्वावर जिलेट आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब यांनी मिळून मलम उभे केले. त्याला परवानगी मिळताच ‘मेडिसाँ साँ फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेने जगापुढे प्रश्न टाकला: हनुवटीवरच्या केसांसाठी जे बनवता येते, ते मरणाऱ्यांसाठी का बनत नाही? १९९९ चा शांततेचा नोबेल मिळाल्यामुळे तिच्या आवाजाला वजन होते. एप्रिल २००१ मध्ये एड्सच्या औषधांवरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध लावलेला खटला ३९ औषध कंपन्यांना मागे घ्यावा लागला आणि औषध उद्योगाची जगभर नाचक्की झाली. मे २००१ मध्ये एफ्लॉर्निथिनचे हक्क असलेल्या अव्हेंटिस कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी करार केला. पाच वर्षे, अडीच कोटी डॉलर आणि निद्रारोगाची औषधे फुकट. पुढे या कराराला मुदतवाढ मिळत गेली.

त्याच सुमारास बायर कंपनीही निद्रारोगावरचे आपले जुने औषध सुरामिन जागतिक आरोग्य संघटनेला देऊ लागली. त्याचा उपयोग महाराष्ट्रालाही झाला. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला गुराढोरांना होणाऱ्या ‘सर्रा’च्या परजीवीने ग्रासल्याचे निदान झाले. माणसात हा रोग सिद्ध झाल्याची ती पहिलीच नोंद. औषध देशात मिळत नव्हते, ते जागतिक आरोग्य संघटनेकडून आले आणि तो शेतकरी बरा झाला. दुर्लक्षित रोगांची औषधे कुठेतरी साठ्यात असावी लागतात, ती अशा वेळेसाठी.

एफ्लॉर्निथिनचा पुढचा प्रवास बराच सुखाचा झाला. नोबेलच्या पैशातून दुर्लक्षित रोगांवरच्या औषधांसाठी २००३ मध्ये ‘डीएनडीआय’ ही संस्था उभी राहिली. आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद तिच्या संस्थापकांपैकी एक. निफुर्टिमॉक्सच्या जोडीने एफ्लॉर्निथिनचे छप्पन्न डोस चौदांवर आले आणि २००९ मध्ये ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत बसली. नंतर फेक्सिनिडाझोल ही तोंडाने घ्यायची गोळी आली. २०१८ मध्ये जगभरातल्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या हजाराच्या खाली उतरली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगातही अमेरिकेने एफ्लॉर्निथिनला मान्यता दिली. ज्या कामासाठी रेणू जन्मला, ते काम त्याला चार दशकांनी मिळाले.

आणि मलम? ते जादूचे निघाले नाही. २४ आठवड्यांच्या चाचण्यांत साधारण ३२ टक्के बायकांत ठळक सुधारणा दिसली, औषध नसलेले मलम लावणाऱ्यांत ८ टक्के. ते केस काढत नाही, नवे केस हळू आणि बारीक येऊ देते. म्हणून दोरा किंवा वॅक्स चालूच ठेवावे लागते, आणि मलम थांबवले की सुमारे आठ आठवड्यांत सगळे पूर्ववत. दिवसातून दोनदा, किमान आठ तासांच्या अंतराने लावायचे आणि चार तास चेहरा धुवायचा नाही. मान्यता फक्त चेहरा आणि हनुवटीखालच्या भागासाठी आहे, हातापायांसाठी नाही. काहींना आग होते, पुटकुळ्या येतात. लेझरच्या जोडीने ते अधिक गुण देते, असे त्वचारोगतज्ज्ञांचा अनुभव सांगतो.

या कहाणीचे नेहमीचे तात्पर्य असे काढले जाते की श्रीमंत देशांतल्या बायकांच्या हौसेपायी आफ्रिकेतले लोक मेले. ते मला मान्य नाही. औषध बंद पडले ते मलमाच्या आधी पाच वर्षे, आणि बंद पाडले ते नफ्याच्या वहीने. उलट मलम आले म्हणून लाज वाटण्याजोगा विरोधाभास उघडा पडला आणि इंजेक्शनही परतले. शिवाय चेहऱ्यावरचे दाट केस ही हौस नसते. प्रजननक्षम वयातल्या पाच ते दहा टक्के बायकांना हा त्रास असतो आणि बहुतेकींच्या बाबतीत मुळाशी पीसीओएस हा हार्मोन्सचा विकार असतो. पाहुण्यांसमोर हनुवटीवर हात ठेवून बसणारी मुलगी नटवी ठरत नाही. तिच्या याच अवघडलेपणाच्या जोरावर थॅलियमसुद्धा विकले गेले होते.

तेव्हा ज्यांना हा त्रास आहे त्यांनी दुकानातून नाव सांगून मलम आणण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल तर हार्मोन्सची तपासणी करून घ्यावी. केस अचानक आणि झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर अजिबात वेळ घालवू नये. गरोदर असताना हे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि ‘कायमचे केस जातील’ असे कोणत्याही डबीवर लिहिलेले दिसले, तर ती डबी जागच्या जागी ठेवावी. असे मलम आजवर कोणी बनवलेले नाही.