हुगळी : फरक्कापासून सागरबेटापर्यंत

हुगळी हा गंगेचा पश्चिमेकडचा फाटा. मुर्शिदाबाद जिल्ह्यात गंगेपासून सुटलेला हा प्रवाह भागीरथी या नावाने दक्षिणेला उतरतो. नवद्वीप-मायापूरजवळ त्याला जलंगी मिळते आणि तिथून समुद्रापर्यंत त्याला हुगळी म्हणतात. गंगेचे बहुतेक पाणी पद्मा होऊन बांगलादेशात जाते, तरी बंगाली माणसाच्या लेखी गंगा ती हीच. कोलकात्यात हुगळी हे नाव नकाशात आणि सरकारी कागदात. घाटावर सगळे 'गंगा'च म्हणतात.

फाट्याचे मुख गाळाने भरत गेल्यामुळे कोरड्या ऋतूत गंगेचे पाणी इकडे येईनासे झाले आणि कोलकाता बंदराची खोली घटू लागली. त्यावर उपाय म्हणून फरक्क्याला गंगेवर सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा बांधला. 1975 पासून तो चालू आहे. तिथून 38 किलोमीटरच्या कालव्याने भागीरथीत पाणी सोडले जाते. कालव्याची क्षमता 40 हजार क्युसेक. कोरड्या ऋतूतल्या पाण्याची वाटणी भारत-बांगलादेशाच्या 1996 च्या कराराने ठरली. या बंधाऱ्याने बंदराला पाणी दिले, पण समुद्रातून वर चढणाऱ्या इलिश माशाची वाट अडवली. एकेकाळी हा मासा गंगेत खूप वरपर्यंत जात असे.

भागीरथीवरचा जंगीपूरचा बंधारा ओलांडला की समुद्रापर्यंत मुख्य पात्रावर एकही अडसर नाही. वरचे पाणी मोजून मिळते. खालून येणारे समुद्राचे पाणी मात्र कोणाच्या हुकमात नाही, आणि हुगळीचा मोकळेपणा खरा त्या भरतीत आहे.

जंगीपूरजवळच्या अहिरण घाटापासून बहरमपूरच्या गोराबाजार घाटापर्यंत 81 किलोमीटरची पोहण्याची शर्यत होते. लांब पल्ल्याच्या जगातल्या मोठ्या शर्यतींत ती गणली जाते आणि महाराष्ट्रातले जलतरणपटूही तिच्यात उतरतात. पोहणाऱ्यांना प्रवाहाची साथ असते, तरी अर्धा दिवस पाण्यातच काढावा लागतो. याच पट्ट्यात, बंगालच्या नवाबांच्या लालबागेत, बंगाली भाद्र महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी 'बेरा' उत्सव होतो. केळीच्या खुंटांचे तराफे दिवे लावून रात्री नदीत सोडतात.

खाली अजय आणि भागीरथीच्या संगमावर काटवा आहे. मराठी वाचकाने इथे थांबायला हवे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांची छावणी 1742 च्या पावसाळ्यात इथे होती. नदीच्या पश्चिमेचा मुलूख मराठ्यांच्या हाती आला, हुगळी शहरही पडले. पूर्वेकडे मात्र भरलेले पात्र आडवे होते. त्या वर्षी भास्कररामांनी जवळच दुर्गापूजा मांडली. ती चालू असतानाच नवाब अलिवर्दीखानाने नावांच्या पुलावरून रातोरात सैन्य उतरवून छावणीवर छापा घातला. कोलकात्यात घबराट अशी होती की रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे आलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात आजही 'मराठा डिच लेन' आहे. बंगालात बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार, आणि त्यांच्या लुटीची भीती तिथल्या अंगाईगीतांत उतरलेली आहे. महाराष्ट्रात या मोहिमांची आठवण पराक्रम म्हणून निघते; नदीकाठच्या गावांनी काय सोसले तेही तिच्या जोडीला सांगितले पाहिजे.

त्याखाली बंडेलला पोर्तुगीज, चुंचुड्याला डच, चंदननगरला फ्रेंच आणि श्रीरामपूरला डॅनिश अशा युरोपीय वखारी एकापाठोपाठ एक येतात. चंदननगरचा 'स्ट्रँड', म्हणजे झाडांखालचा फरसबंद नदीकाठ, संध्याकाळच्या फेरफटक्याला आजही गजबजतो. मग दक्षिणेश्वर, पुढे पलीकडच्या काठावर बेलूर मठ, आणि शहर सुरू होते.

कोलकात्यात उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे चार मीटर चढते-उतरते. चढते झपाट्याने, उतरते सावकाश. भरतीच्या तासांत नदी उत्तरेकडे वाहते आणि जलपर्णीचे पुंजके हावडा पुलाखालून उलटे सरकताना दिसतात. मोठ्या उधाणाला भरतीचे पहिले पाणी एका लाटेने आत घुसते. तिला 'बान' म्हणतात. काठाच्या उथळ पाण्यात ती फुटते, म्हणून नाखवे नावा सोडवून मध्यधारेत नेतात. बानाचे दिवस बंदराच्या वेळापत्रकात आधीच छापलेले असतात.

हावडा पूल 1943 चा. त्याचा 457 मीटरचा गाळा नदीत एकही खांब न रोवता पेललेला आहे. त्याआधी 1874 पासून इथे तरंगता पूल होता आणि जहाजांसाठी तो उघडावा लागे. 2024 पासून मेट्रो नदीच्या तळाखालून जाते. तरीही नदी ओलांडायची ती लाँचने. हावडा ते बाबूघाट, फेअरली, अहिरीटोला अशा फेऱ्या दिवसभर चालतात आणि शहरातली सर्वांत स्वस्त सहल याहून दुसरी नाही. धक्का तरंगता असतो. भरतीला त्याच्याकडे जाणारा पूल जवळजवळ सपाट असतो. ओहोटीला तोच इतका उतरता होतो की सायकल घेऊन निघालेला माणूस ब्रेक दाबून चालतो.

निवांत फिरायचे तर प्रिन्सेप घाट. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ 1843 मध्ये तो बांधला. कार्ल्याचे आणि नाशिकचे लेणीलेख आपल्याला वाचता येतात ते त्याच्या कामामुळे. खांबांचा पांढरा मंडप आता काठच्या रेल्वेरुळांच्या अलीकडे राहिला आहे. पलीकडच्या पायऱ्यांवरून बांबूच्या छपराच्या वल्हवायच्या नावा मिळतात. नाखवा भाडे ठरवतो तसा पाण्याचा कलही पाहतो, कारण परतीच्या वाटेवर प्रवाह समोरून आला तर हात भरून येतात.

कुमारटुलीच्या मूर्तिकारांची माती नावांतून नदीनेच येते आणि विजयादशमीला नदीतच परत जाते. शोभाबाजार राजवाड्याची दुर्गा दोन नावांमध्ये बसवून मध्यधारेत नेतात. तिथे नावा बाजूला झाल्या की मूर्ती थेट पाण्यात उतरते. सार्वजनिक मूर्तींचे सांगाडे आता मोठ्या घाटांवर क्रेनने लगेच बाहेर काढले जातात. ही चांगली सुधारणा आहे आणि आपल्याकडच्या गणेश विसर्जनालाही ती घेण्याजोगी आहे. गटारांच्या पाण्याचा प्रश्न मात्र याहून कितीतरी मोठा. कालीघाटाजवळून जाणारी आदिगंगा हे नदीचे जुने पात्र. अठराव्या शतकात कर्नल टॉलीने ते खोदून वाहते केले. पुढे शहराने त्याचा नाला केला, आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेट्रोचे खांब थेट त्याच्या पात्रात उभे राहिले. ज्या शहराने हावड्याला नदीत एक खांब रोवला नाही, त्यानेच हे करावे याचे दुःख होते.

शहराखाली दामोदर आणि रूपनारायण मिळतात आणि पात्र फाकते. या संगमांजवळचा 'जेम्स अँड मेरी' हा वाळूचा दांडा 1694 मध्ये बुडालेल्या जहाजाच्या नावाने कुप्रसिद्ध आहे. वाळू सतत जागा बदलते, म्हणून समुद्रातून येणाऱ्या जहाजावर नदीचा वाटाड्या चढवावाच लागतो. कोलकात्याच्या गोद्या वाटाड्याच्या पहिल्या ठाण्यापासून 232 किलोमीटर आत आहेत. मोठ्या जहाजांसाठी 1977 मध्ये हल्दियाची गोदी बांधली गेली. डायमंड हार्बरला नदी इतकी रुंद होते की पलीकडचा काठ नुसती रेघ दिसतो. कोलकातेकर रविवारी तिथे सहलीला जातात.

मुखाशी सागरबेट. मकरसंक्रांतीला कपिलमुनींच्या मंदिरासमोर देशभरातून लाखो यात्रेकरू स्नानाला जमतात. त्यांना काकद्वीपहून मुडीगंगा ओलांडावी लागते. गाळामुळे ओहोटीला तिथे लाँच चालत नाहीत. यात्रेकरू काठावर रांगेत बसून राहतात आणि भरती लागली की फेऱ्या पुन्हा सुरू होतात.