चार खणांची खिडकी



गटाच्या बैठकीत आपण हप्ता भरतो, सही नाहीतर अंगठा करतो आणि उठतो. एकमेकींशी बोलणं मात्र राहून जातं. आज त्या बोलण्याविषयीच बोलू या.

आमच्या गटात एक मावशी आहेत. काही विचारलं की म्हणायच्या, "मला काय कळतंय? मी अडाणी." एकदा त्यांचे लागोपाठ दोन हप्ते थकले. भर बैठकीत मी बोलून गेले, "मावशी, तुमचं हे नेहमीचंच." पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. घरी गेले तेव्हा कळलं, गाय आटली होती, दुधाचा पैसा बंद झाला होता. "मग सांगितलं का नाही?" "कसं सांगू गं? लाज वाटली."

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली माणसामाणसांतला संवाद समजावायला एक खिडकी मांडली. दोघांच्या नावांवरून तिला 'जोहरी खिडकी' म्हणतात. तिला चार खण असतात. पहिला उघडा: माझ्याबद्दलचं जे मलाही ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. दुसऱ्यातलं तुम्हाला दिसतं, पण मला दिसत नाही. तिसऱ्यातलं मला ठाऊक, पण मी झाकून ठेवलेलं. चौथ्यातलं अजून कुणालाच कळलेलं नाही.

मावशींची आटलेली गाय तिसऱ्या खणात होती. आणि दुसऱ्या खणात काय होतं? डेअरीचा लिटर, फॅट, दर असा सगळा हिशेब त्या तोंडी करायच्या. आम्हाला ते दिसायचं, त्यांना त्यात विशेष वाटायचं नाही. लहानपणापासून "तुला काय कळतंय" हेच ऐकलं की ते मनात घर करतं. मग आपणही स्वतःला तेच म्हणू लागतो. आपल्या मनातलं आपलं हे चित्र म्हणजे स्वप्रतिमा. ती बरीचशी दुसऱ्यांच्या बोलण्यातून घडते, म्हणून बोलण्यानं बदलूही शकते.

त्यासाठी माणसाला नाव ठेवू नका, घडलेलं सांगा. "तुम्ही बेजबाबदार" असं म्हणण्याऐवजी "दोन हप्ते राहिलेत, काही अडचण आहे का?" असं विचारा, तेही आधी एकटीला गाठून. कौतुकसुद्धा नेमकं करा. नुसतं "हुशार आहात" म्हणू नका, काय पाहिलं ते सांगा. कुणी मनातलं सांगितलं तर ते गटाबाहेर नेऊ नका. आणि सांगायचं नसेल, तर खोदून विचारू नका.

मी भर बैठकीत बोलले होते, म्हणून माफीही भर बैठकीतच मागितली. गटानं हप्त्याला मुदत दिली. आता महिन्याचा जमाखर्च वाचला की बेरीज मावशी तोंडी तपासतात. परवा माझीच एक चूक त्यांनी धरली!

पुढच्या बैठकीत एवढंच करा: शेजारी बसलेल्या बाईनं चांगलं केलेलं एक काम तिला सांगा. तिला ते कदाचित ठाऊकच नसेल.